दूधसागरची पायवाट

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. ऋषीच्या कुळाविषयी मला आज काही बोलावयाचे नाही. पण नदीचा माग काढीत अरण्यातून वर वर जावे, आणि जेथे ती डोंगराच्या कड्यावरून पहिली उडी घेते त्या जागी थोडा वेळ उभे राहावे, हा मोह मला कधीच आवरता आलेला नाही. नोकरीच्या निमित्ताने बदल्या झाल्या, निरनिराळ्या प्रांतांचे पाणी चाखावयास मिळाले, आणि प्रत्येक ठिकाणी एखादा धबधबा शोधून काढण्याचा छंद जडला. आज मी आपल्याला त्यांपैकी एकाच वाटेची हकीकत सांगणार आहे. ती वाट आहे गोव्यातील कुळे गावाहून दूधसागरच्या पायथ्याशी जाणारी.

दूधसागर हे नाव कर्नाटक-गोव्याच्या सीमेवरून आगगाडीने प्रवास केलेल्या श्रोत्यांना नवे नाही. कॅसल रॉक स्टेशन मागे पडले, गाडी घाट उतरू लागली, दोनचार बोगदे गेले, आणि एकाएकी डब्यातील सारी मंडळी एकाच बाजूच्या खिडक्यांकडे धावली, म्हणजे दूधसागर आला असे समजावे. गाडी पुलावरून जाते, तोंडावर तुषार येतात, आणि डोळे भरून पाहावे म्हणेपर्यंत पुढचा बोगदा सारे गिळून टाकतो. हे दर्शन मनोहर खरे. परंतु ते एखाद्या थोर पुरुषाला चालत्या मोटारीतून पाहावे तसे आहे. धबधब्याची ओळख करून घ्यावयाची तर पायथ्यापासून, आणि पायांनीच, जावयास हवे.

कुळ्याहून धबधब्याचा पायथा सुमारे दहा-अकरा किलोमीटरांवर आहे. वाट भगवान महावीर अभयारण्यातून जाते. हे अभयारण्य आणि त्यातील मोले राष्ट्रीय उद्यान मिळून क्षेत्र सुमारे २४० चौरस किलोमीटर भरते. पावसाळा ओसरला की या वाटेवर जीपगाड्या धावू लागतात, आणि बहुतेक प्रवासी त्यांतूनच जातात. त्यांचा धक्का, धूळ आणि घाई ज्यांना नको असेल त्यांनी वनखात्याची परवानगी काढावी, गावातला जाणता वाटाड्या बरोबर घ्यावा आणि भल्या पहाटे चालू लागावे. आम्ही तसेच केले. काही वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर महिना होता. बरोबर कचेरीतले एक स्नेही होते, त्यांचा कॉलेजात शिकणारा मुलगा होता, आणि पुढे होता कुळ्याचाच एक पन्नाशीचा, कमी बोलणारा वाटाड्या.

पहिला तासभर वाट जवळजवळ सपाट आहे. दोन्ही बाजूंना ऐन, किंदळ, नाणा यांचे सरळसोट बुंधे उभे असतात. त्यांच्याखाली जांभळीची आणि कोकमाची सावली, आणि त्याखाली बांबूची बेटे. अरण्य असे मजल्यामजल्यांनी बांधलेले असते, आणि प्रत्येक मजल्यावरचे बिऱ्हाड वेगळे असते. वरच्या मजल्यावर धनेशाच्या पंखांचा आवाज होतो. एखादे लहानसे यंत्र डोक्यावरून गेल्यासारखा तो वाटतो. मधल्या मजल्यावर शेकरू एका फांदीवरून दुसरीवर झेप घेताना दिसते. अगदी खाली, ओल्या पाचोळ्यात, जळवा आपली वाट पाहत असतात. जळवेचा बाऊ करण्याचे कारण नाही. ती चावते तेव्हा दुखत नाही, आणि तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारे द्रव्य असल्यामुळे ती सुटल्यावरही जखम थोडा वेळ वाहत राहते, इतकेच. तिला हिसडून ओढू नये. चिमूटभर मीठ लावावे, आपोआप गळून पडते.

पुढे वाट नदी ओलांडते, आणि एकदा नव्हे, दोन-तीन ठिकाणी. ही दूधसागर नदी. हिचेच पाणी पुढे खांडेपार नदीत जाते, खांडेपार मांडवीला मिळते, आणि मांडवी पणजीजवळ समुद्राला. याच खांडेपारच्या काठी ओपा येथे पाणी शुद्ध करण्याचे केंद्र आहे, आणि तेथून फोंडा व पणजीकडे पिण्याचे पाणी जाते. पणजीतल्या गृहस्थाने सकाळी तांब्या भरला तर त्यात या अरण्याचाही वाटा असतो. तो त्याला ठाऊक असतोच असे नाही.

वाहते पाणी कसे ओलांडावे, हे मला त्या दिवशी प्रथम नीट समजले. वाटाड्याने हाताशी एक बांबू घेतला, प्रवाहाच्या वरच्या बाजूला तोंड केले, आणि बांबू पुढे रोवून तिरकी पावले टाकीत तो पलीकडे गेला. दोन पाय आणि एक काठी असे तीन आधार. त्यांपैकी एका वेळी एकच हलवावयाचा. यामागचे गणित सोपे आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. म्हणून संथ पाण्यात कमरेइतक्या खोलीत जो सुखाने उभा राहतो, त्याला वेगाच्या पाण्यात गुडघाभर खोलीही आडवी करू शकते. खोली डोळ्यांना दिसते, वेग दिसत नाही. आणि बहुतेक अपघात या न दिसणाऱ्या गोष्टीने होतात.

शेवटचा टप्पा मोठमोठ्या धोंड्यांवरून चढत जाण्याचा आहे. येथे धबधबा दिसण्यापूर्वी ऐकू येतो, आणि ऐकू येण्यापूर्वी त्याचा गारवा अंगाला लागतो. मग झाडी एकदम बाजूला सरते, आणि समोर आकाशातून उतरलेली पांढरी भिंत उभी राहते. उंची सुमारे ३१० मीटर. म्हणजे चार कुतुबमिनार एकावर एक ठेवले तरी वर थोडी जागा शिल्लक राहील. पाणी एका उडीत पडत नाही, चार टप्प्यांत उतरते. मध्यावर रेल्वेचा पूल आहे, आणि त्यावरून जाणारी गाडी पायथ्याशी उभे राहून पाहिली तर लहान मुलाच्या खेळण्यासारखी दिसते.

हा कडा येथे का आहे, असा प्रश्न मनात येतोच. महाराष्ट्रातल्या सह्याद्रीचा बहुतेक दगड म्हणजे बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वाहून आलेल्या लाव्ह्याचे थर एकावर एक साचले, आणि त्यांतून आपले किल्ल्यांचे डोंगर कोरले गेले. तेथील धबधबे थराच्या कडेवरून सुटतात ते सरळ खाली येतात. दूधसागरचा दगड ग्रॅनाइट जातीचा आहे, आणि त्याचे वय अडीचशे कोटी वर्षांच्या घरात जाते. या दगडाला थर नाहीत. त्याला उभ्याआडव्या भेगा असतात. पाणी त्या भेगांशी शतकानुशतके झुंजते, धोंडे निखळतात आणि पायऱ्या तयार होतात. म्हणूनच येथे पाणी दगडाचा हात सोडत नाही. त्याच्या अंगावरून घासत, आदळत, फुटत ते खाली येते.

पण दगडाचे वय निराळे आणि कड्याचे वय निराळे. भारताचा पश्चिम किनारा हा एका मोठ्या भूखंडाची तुटलेली कडा आहे. प्रथम मादागास्कर आणि पुढे सेशेल्सचा भूभाग यांच्यापासून भारत अलग झाला, आणि ही पश्चिमेची बाजू उघडी पडली. तेव्हापासून नद्या ती कोरीत आहेत आणि कडा इंचाइंचाने पूर्वेकडे सरकत आहे. दख्खनच्या बहुतेक मोठ्या नद्या सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावून पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जातात. मांडवीच्या परिवारातल्या नद्या मात्र उलट्या वळल्या. पश्चिमेचा उतार तीव्र, वाट आखूड, त्यामुळे कोरण्याचे बळ अधिक. त्या बळावर त्या घाटमाथ्यात आत शिरल्या. समुद्रावरून येणारे पावसाळी वारे याच कड्यावर अडून वर चढतात, थंड होतात आणि आपला भार टाकतात. अशा रीतीने जो कडा पाऊस पाडतो तोच त्या पावसाला उडी घ्यावयास जागाही देतो.

आता दुधाविषयी. तळ्यात नाहून राजकन्या सोन्याच्या झारीतून साखर घातलेले दूध पीत असे; एके दिवशी झाडीतून एक राजपुत्र पाहतो आहे असे दिसताच सख्यांनी दूध ओतून तिच्यापुढे पडदा केला, आणि तोच पडदा आजवर वाहतो आहे, अशी येथे कथा सांगतात. शास्त्राचे उत्तर थोडे कोरडे आहे, पण तेही सुंदरच आहे. पाण्याला रंग नाही. ते दगडावर आपटून फुटते तेव्हा त्यात हवेचे असंख्य बुडबुडे मिसळतात. प्रत्येक बुडबुडा प्रकाश परतवितो, आणि सातही रंग सारखेच परतल्यामुळे डोळ्याला पांढरे दिसते. कापसाचा आणि मिठाचा शुभ्रपणा याच जातीचा.

परंतु या दुधाचा एक दोष आहे. बुडबुड्यांनी भरलेले पाणी साध्या पाण्यापेक्षा हलके असते, आणि हलके पाणी माणसाला तितकेसे उचलून धरीत नाही. नदीत उत्तम पोहणारा मनुष्य धबधब्याच्या डोहात का बुडतो, याचे हे एक कारण आहे. वरून पडणारी धार त्याला खाली दाबते, तळाशी गेलेले पाणी उलटून पुन्हा धारेकडेच येते, आणि तो त्या चक्रात सापडतो. अशा वेळी हातापायांत कितीही बळ असले तरी ते कामी येत नाही.

त्या दिवशी आम्ही डोहाच्या काठी पोहोचलो तेव्हा दुपार होत होती. ऊन स्वच्छ होते. स्नेह्यांचा मुलगा दहा-बारा पावले आत, पाण्याबाहेर डोके काढलेल्या एका सपाट धोंड्यावर जाऊन उभा राहिला आणि छायाचित्रे घेऊ लागला. वाटाड्या आमच्यापासून जरा दूर बसून पाण्याकडे पाहत होता. थोड्या वेळाने तो उठला आणि कोकणीत म्हणाला, “सायबा, उदकाचो रंग बदलला.”

मी पाहिले. मला काही दिसले नाही. पाणी होते तसेच होते, फार तर किंचित गढूळ. मी म्हणालो, “पाच मिनिटे थांबा, त्याची छायाचित्रे होऊ द्या.” हे मी विनंतीच्या नव्हे, कचेरीच्या सुरात म्हणालो, हे मला आता कबूल केले पाहिजे. वीस वर्षे फायलींवर शेरे मारण्यात गेली की आपण सांगू ते थांबते आणि आपण सांगू ते चालते, असा एक भ्रम होतो. वाटाड्याने मला उत्तर दिले नाही. तो सरळ पाण्यात गेला, त्याने त्या मुलाचे मनगट धरले आणि त्याला काठावर आणले. काठावरही न थांबता वरच्या खडकांवर चढविले. आम्ही दोघे मागोमाग गेलो, मी थोडा रागातच.

दहा मिनिटे झाली असतील नसतील. पाण्यावर प्रथम वाळकी पाने आणि काटक्या आल्या. मग आवाज बदलला; वरचा सूर नाहीसा झाला आणि खालचा, जमिनीतून आल्यासारखा, घुमू लागला. पांढरी भिंत पाहता पाहता तांबूस झाली. मी त्या सपाट धोंड्याकडे पाहिले. धोंडा नव्हता. त्या जागी गढूळ पाण्याची एक फुगीर वळी वाहत होती. आमच्या डोक्यावर अजूनही ऊन होते आणि पावसाचा एक थेंबही पडला नव्हता. पाऊस पडला होता तो वर, घाटमाथ्यावर, आम्हाला न दिसणाऱ्या ढगांतून. स्नेही बराच वेळ मुलाचा हात धरून बसले होते. कोणी काही बोलले नाही. परतीच्या वाटेवर नदीचे पाणी उतरेपर्यंत आम्हाला दोन तास काठावर बसावे लागले, आणि कुळ्याला पोहोचलो तेव्हा दिवे लागले होते.

परतीचा मान्सून असाच फसवा असतो. सकाळ निर्मळ, दुपारी डोंगरमाथ्यावर ढग, आणि तासाभराच्या सरीने ओढ्याची नदी. म्हणून धबधब्याला जाणाऱ्याने खालचे आकाश पाहू नये, वरचे पाहावे. पाणी गढूळ होणे, पाने-काटक्या येऊ लागणे आणि आवाज भारी होणे, या तिन्हींपैकी एक खूण दिसली तरी सामानाची वाट न पाहता उंचावर जावे. पाणी उतरेपर्यंत नदी ओलांडू नये, मग रात्र झाली तरी चालेल. जाणत्या माणसाचे ऐकावे, आणि आपला हुद्दा गावाच्या वेशीवर ठेवून जावे.

पावसाळ्यात या वाटेला कोणी जाऊच नये, असा सरकारचाही कटाक्ष आहे. २०२३ च्या जुलै महिन्यात गोव्यात माणसे बुडाल्यावर अभयारण्यांतील धबधब्यांवर प्रवेशबंदी करण्यात आली. रुळांवरून चालत दूधसागरला येणाऱ्यांनाही त्याच महिन्यात रेल्वेने ताकीद दिली; रुळांवरून असे चालणे हा रेल्वे कायद्याखाली गुन्हा आहे. २०१३ साली एका लोकप्रिय हिंदी चित्रपटात दूधसागरच्या पुलावर थांबलेली गाडी दिसली, तेव्हापासून त्या रुळांचे आकर्षण वाढले. अशा बंदीचे हुकूम काढणाऱ्यांच्या वर्गात मीही मोडतो. पूर्वी मला वाटे, फलक लावला की आपले कर्तव्य संपले. आता वाटते, फलकावर ‘मनाई आहे’ एवढे न लिहिता ‘का’ हेही लिहावे. कारण समजले म्हणजे माणूस हुकूम पाळतो. एरवी शिपाई पाहत नाही ना, एवढेच पाहतो.

या रुळांचीही एक कथा आहे. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहानंतर मुरगाव बंदर ब्रिटिश मुलखाशी जोडण्याचे ठरले, आणि १८८८ साली ही मीटरगेज वाट कॅसल रॉकपर्यंत पुरी झाली. दर ३७ फुटांना एक फूट असा तिचा चढ आहे. १९९० च्या दशकात ती रुंदमापी झाली. त्यानंतर तिच्या शेजारी दुसरा रूळ टाकण्याची योजना आली. २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने कॅसल रॉक ते कुळे या भागातील दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली संमती रद्द केली. मात्र परिणामांचा नीट अभ्यास करून नवा प्रस्ताव आणण्याची मुभा ठेवली. महादयीच्या पाण्याचाही असाच वाद आहे. लवादाने २०१८ साली गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ अब्ज घनफूट असा वाटा ठरविला, आणि त्यानंतरही पक्षकार न्यायालयात गेले.

यात कोणाची बाजू खरी, हे सांगण्याचा मला अधिकार नाही आणि ते या भाषणाचे स्थानही नाही. आगगाडी हवी, वीज हवी, शेताला पाणी हवे. हे सारे मागणारी माणसे खरी आहेत. परंतु या वाटेवरून चालताना एक गोष्ट पायांना समजते, ती सांगतो. पावसाळा सप्टेंबरअखेर संपतो, तरी दूधसागर जानेवारीतही वाहतो, बारीक का होईना. ते पाणी कोठून येते? जूनपासून पडलेला पाऊस पानापानांवर अडतो, वेग मोडून खाली उतरतो, पाचोळ्याच्या थरात मुरतो, मुळांच्या वाटेने दगडाच्या भेगांत शिरतो, आणि तेथून थेंबाथेंबाने ओढ्याला मिळतो. झाडे गेली तर पाऊस कमी पडेल की नाही, हा पंडितांच्या वादाचा विषय असो. पण पडलेला पाऊस थांबणार नाही, हे निश्चित. जूनमध्ये धबधबा अधिक भयंकर होईल आणि जानेवारीत कोरडा पडेल. अरण्य हे नदीचे धान्याचे कोठार आहे, आणि कोठार मोडून कोणाचाही वाटा वाढत नाही.

नदीचे मूळ शोधू नये, असे म्हणणाऱ्यांच्या मनात बहुधा असे असेल की मोठ्या नदीचे मूळ फार लहान निघते आणि पाहणाऱ्याचा हिरमोड होतो. माझा अनुभव थोडा निराळा आहे. मूळ लहान असते, हे खरे. एखादा ओला पाचोळ्याचा थर, एखादी भेग, एखादे मूळ. पण इतक्या लहान गोष्टींवर इतके मोठे पाणी आणि इतकी गावे अवलंबून आहेत, हे एकदा डोळ्यांनी पाहिले म्हणजे हिरमोड होत नाही, थोडी काळजी मात्र वाटू लागते.

तो मुलगा आता नोकरीला लागला आहे. त्याने घेतलेल्या छायाचित्रांपैकी एक माझ्या टेबलावरील काचेखाली आहे. त्यात धबधबा आहे, ऊन आहे, आणि एका कोपऱ्यात पाठमोरा, पाण्याकडे टक लावून बसलेला आमचा वाटाड्या आहे. एखाद्या फाईलवर झटकन शेरा मारावयाचा मोह होतो तेव्हा मी त्या कोपऱ्याकडे पाहतो आणि आणखी एकदा कागद वाचतो.